आईसाठी बारा चित्रं

आईचं बोलणं गेलं तेव्हा तिच्याकडे एकच शब्द शिल्लक राहिला. हां. पाणी देऊ का, हां. नको का, हां. दुखतंय का, हां, आणि कुठं दुखतंय विचारलं तरी हां. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा थांबला होता, त्यामुळं उजवा हात, उजवा पाय आणि भाषा ही तिन्ही एकदम गेली. तिला बरंच समजतं, पण सांगता येत नाही. आणि तो जो एक शब्द येतो तो आपोआप येतो, त्याच्यावर विसंबू नका.

पिंगळीच्या शाळेत उभा जन्म पहिलीच्या पोरांना बाराखडी शिकवलेली बाई ही. मी पाटीवर ‘पाणी’ असं मोठ्या अक्षरात लिहून तिच्यासमोर धरलं. तिनं आधी पाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिला ती अक्षरं आहेत एवढं कळत होतं आणि वाचता येत नव्हती, हेही कळत होतं. मी पाटी पलंगाखाली सरकवून दिली ती परत काढली नाही.

घरात आम्ही दोघीच. भाऊ पुण्यात, त्याचा संसार त्याच्याजवळ. मी अडतीस वर्षांची, लग्न केलं नाही, स्टेशन रोडजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाईनचं काम करते. म्हणजे तेव्हा करत होते. आईला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवसापासून मी दुकानात जाणं बंद केलं. मालक भला माणूस, म्हणाला, तुमची खुर्ची कुणाला देत नाही. पण फोन करून आठवड्यातून एकदा विचारायचा, आई कशा आहेत, आणि त्या विचारण्यात दुसराही एक प्रश्न असायचाच.

रोज दुपारी चारच्या सुमाराला आई अस्वस्थ व्हायची. डाव्या हातानं माझं मनगट धरायची आणि हां, हां, हां सुरू करायची. सुरुवातीला हळू, मग जोरात, मग डोळ्यांतून पाणी. तिला काहीतरी सांगायचं होतं. रोजचं वेगळं नव्हतं ते, एकच काहीतरी होतं, तिच्या चेहऱ्यावरून कळायचं. मी सगळी यादी म्हणून दाखवायचे. पाणी? चहा? संडास? कूस बदलू? कूलर वाढवू? कमी करू? भावाला फोन लावू? प्रत्येकाला हां. मग ती मनगट सोडून द्यायची आणि भिंतीकडं तोंड करायची. मला वाटायचं, आपण आत्ता या खोलीतून उठावं आणि चालत कुठंतरी निघून जावं. आपल्याच आईला काय हवंय ते आपल्याला कळत नाही, ती रोज सांगते आणि रोज कळत नाही, हे किती दिवस सहन होतं? मला तीन आठवडे सहन झालं. त्यानंतर मी तिच्यावर चिडायला लागले, आणि चिडून झालं की स्वतःवर.

फिजिओथेरपीचा मुलगा दिवसाआड गाडीवर यायचा. त्यानंच सांगितलं की अशा पेशंटसाठी चित्रांचा बोर्ड करतात. बारा-पंधरा चित्रं, पेशंट बोट ठेवतो, आपल्याला कळतं. मोबाईलवर किंवा टॅबवर केलं तर दाबल्यावर आवाजही येतो. एक मात्र पाळा म्हणाला. बोट त्यांचंच पाहिजे. तुम्ही मदत केली की मेंदू आळशी होतो.

मी त्याला म्हटलं, हे तर माझंच काम आहे. बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं. भावाला फोन केला, त्यानं त्याच्या पोराचा ऑनलाइन शाळेचा जुना टॅब कुरियरनं पाठवला. त्याच्या पाठीवर डायनासोरचं स्टिकर होतं.

आता फ्लेक्सचं काम आणि हे काम यात फरक आहे, एवढं मला माहीत होतं. फ्लेक्सवर रिकामी जागा दिसली की गिऱ्हाईक म्हणतं, इथं आमच्या मामाचा फोटो टाका. मोठे नेते वर, त्यांच्याखाली मधले, सगळ्यात खाली शुभेच्छुक, आणि ज्याचा वाढदिवस तो मधोमध, गॉगल लावलेला. गिऱ्हाईक शेजारी स्टूल टाकून बसतं, स्क्रीनवर बोट टेकवतं, तंबाखूचं बोट. कुणी कुणी तर माझ्या हातावर हात ठेवून माउसच फिरवायला बघायचे. त्यांच्यासाठी मी टेबलावर एक लाकडी पट्टी ठेवली होती. हात आला की पट्टी टेबलावर आपटायची. दुकानात मला त्यावरून चिडवायचे, पण हात यायचे थांबले.

तर मी वेबवर शोधायला लागले. आधी मराठीत शोधलं, काही नाही. मग इंग्रजीत शोधलं आणि दारच उघडलं. जगातले डिझायनर आपापल्या ॲपचे स्क्रीन काढून जिथं मांडून ठेवतात अशा गॅलऱ्या मला सापडल्या. एक स्क्रीन संपला की खाली दुसरा, त्याच्या खाली तिसरा, तळ लागत नाही. बँकेचं ॲप, ध्यानधारणेचं ॲप, झाडाला पाणी घालायची आठवण करून देणारं ॲप. सगळ्यांचे कोपरे गोल, सगळ्यांखाली हलकी सावली, फिकट जांभळ्यातून गुलाबीत जाणारे रंग. आणि माणसं तर अशी की हातपाय लांबच लांब, डोकं लिंबाएवढं, चेहऱ्यावर नाक-डोळे काहीच नाही, तरी खुश. मी आमच्या खोलीत बसून ते बघायचे तेव्हा बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री ऊन असायचं, कूलरमधलं पाणी संपत आलेलं असायचं आणि आई छताकडं बघत पडलेली. त्या स्क्रीनमध्ये मात्र कुणाला घाम नव्हता.

मी साठवायला लागले. ‘प्रेरणा’ नावाचं फोल्डर केलं. ते भरलं की ‘प्रेरणा नवीन’, मग ‘प्रेरणा फायनल’, आणि दुकानातली सवय जात नाही म्हणून ‘प्रेरणा फायनल खरं’. रंगांच्या पट्ट्या देणाऱ्या साइट होत्या, पाच-पाच रंगांचे जुळवलेले संच. फुकट आयकॉन देणाऱ्या होत्या, त्या आधी ईमेल मागायच्या, मग पासवर्ड, मग बातमीपत्र पाठवू का म्हणायच्या, आणि सगळं दिल्यावर चित्राच्या मधोमध स्वतःचा शिक्का ठेवायच्या. अक्षरांच्या साइटवर देखणे फॉन्ट होते, मराठी टाकलं की वेलांट्या वरून कापल्या जायच्या. तिकडं कुणीतरी लिहिलेले लांबलचक लेख होते. वृद्धांसाठी बटण किती मोठं असावं, निळा कुठला चालतो, दोन चित्रांमध्ये किती जागा सोडावी. मी ते डिक्शनरी घेऊन वाचले. वहीत उतरवून घेतले. लाइट गेली की मोबाईलवर, मोबाईलची बॅटरी गेली की वहीवर.

खरं सांगायचं तर मी तिच्यापासून पळत होते. चार वाजले की मनगट धरलं जाणार, हे माहीत असायचं. तेव्हा मी टॅब पुढं धरून म्हणायचे, थांब, तुझ्यासाठीच चाललंय, दोन दिवसांत होईल. दोन दिवसांचे वीस झाले. या स्क्रीनसारखा रंग, त्या स्क्रीनसारखी सावली, आणि दुसऱ्या दिवशी आणखी छान काही दिसायचं की कालचं पुसून टाकायचं. ती रडायची आणि मी रंग बदलायचे. असं मी केलं, आणि ते लिहायची लाज वाटते, पण केलं.

काय काय चित्रं ठेवायची याची चौकशी मात्र मी कसून केली. भावाला विचारलं, वहिनीला विचारलं, फिजिओच्या मुलाला विचारलं, समोरच्या काकूंनाही विचारलं. भाऊ म्हणाला, सोपं कर, नुसती एक बेल लाव. वहिनी म्हणाली, देवाचं चित्र पाहिजेच. सगळ्यांचं ऐकून बारा ठरली. पाणी, चहा, जेवण, संडास, झोप, औषध, दुखणं, पंखा, कूस, देव, फोन, टीव्ही. प्रत्येकाला माझ्या आवाजात वाक्य भरलं. मला पाणी पाहिजे. मला झोपायचंय. मला दुखतंय. फ्लेक्सच्या धंद्यात एक गोष्ट ठरलेली आहे. ज्याचा वाढदिवस असतो तो माणूस दुकानात कधी येत नाही. त्याची पोरं येतात, स्टुलावर बसतात, त्याला काय शोभेल ते ठरवतात, आणि सकाळी तो चौकात स्वतःला बघतो. मी पंधरा वर्षं असंच काम केलं होतं. त्यामुळं बाराच्या बारा चित्रं ठरली तरी ज्या बाईसाठी ती होती तिला आपण काहीच विचारलेलं नाही, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

अखेर एकदाचं झालं. पांढरी जमीन, तीन रांगा, चार चार चौकोन, एकेक चौकोन फिकट वेगळ्या रंगाचा. मला ते इतकं आवडलं की तिला दाखवायच्या आधी मी त्यातल्याच एका गॅलरीत चढवलं. खाली इंग्रजीत लिहिलं, माझ्या आईसाठी. तासाभरात कुठल्या कुठल्या देशांतून लाइकचे बदाम यायला लागले. फार स्वच्छ काम, असं एकानं लिहिलं. दुसऱ्यानं रंगांचे नंबर मागितले. मी दारात उभी राहून ते पुन्हा पुन्हा वाचलं.

मग टॅब आईच्या मांडीवर ठेवला. तिनं बघितलं. मी पाण्याच्या चित्रावर बोट दाखवलं, ते होतं एक निळा थेंब. तिला थेंबातून काय बोध होणार? जेवणाचं चित्र काटा आणि सुरी. आमच्या घरात काटा नाही आणि सुरी विळीच्या शेजारी पडून गंजलेली. चहाचा मग, कान असलेला, आम्ही पितो कपबशीत. झोपेला दोन उशांचा डबल बेड. संडासला स्कर्ट घातलेली बाई आणि पँट घातलेला बाप्या उभे. आईनं टीव्ही मालिका बघतात तसं शांतपणे ते बघितलं, आणि मग तिनं टॅबला हातानं मागं ढकललं. हां, म्हणाली.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तिथं निदान कडी आहे.

दुसऱ्या दिवशी सगळे फुकटचे आयकॉन काढून टाकले आणि घरातल्या वस्तूंचे फोटो काढले. तिचं स्टीलचं ताट, त्यात भाकरी, वरण, कांदा. तिचा तांब्या. तिचा पलंग, तिची गोधडी. तिची गोळ्यांची डबी. गॅलरीत टाकायच्या लायकीचं ते राहिलं नाही. ताटाच्या फोटोत माझी सावली पडली होती, गोधडी चुरगळलेली. ‘प्रेरणा फायनल खरं’ मधल्या एकाही स्क्रीनशी त्याचं नातं नव्हतं. पण टॅब पुढं ठेवल्यावर तिचा चेहरा बदलला. ओळखलं तिनं. ताट ओळखलं, तांब्या ओळखला. मी म्हटलं, दाब, आई. काय पाहिजे ते दाब.

तिनं डावा हात उचलला, टॅबकडं नेला, आणि तिथं न ठेवता माझं मनगट धरलं. माझा हात ओढून ती टॅबकडं न्यायला लागली.

मी हात सोडवून घेतला. म्हटलं, मी नाही, तू. तुझ्या बोटानं. मी तिचं बोट सरळ करून दाखवलं. तिनं पुन्हा माझा हात धरला. माझं पहिलं बोट वेगळं काढलं आणि ते ताटाकडं न्यायला लागली. मी पुन्हा ओढून घेतलं. मेंदू आळशी होतो, असं त्या मुलानं सांगितलं होतं, आणि मी ते एखादी शपथ पाळावी तसं पाळत होते. शिवाय माझा हात धरून कुणी माझ्याच स्क्रीनवर फिरवावा हे मला जन्मात चाललेलं नाही. तरी मी तिच्यासाठी ताट वाढून आणलं, म्हटलं भूक लागली असेल. तिनं तोंड फिरवलं. घास पुढं केला तर ओठ घट्ट मिटले.

असं आठ दिवस चाललं. रोज चारला ती माझा हात धरायची, बोट वेगळं काढायची, ताटाकडं न्यायची. रोज मी हात ओढून घ्यायचे. तिची पकड जोरकस व्हायला लागली, माझ्या मनगटावर नखं उठायला लागली. फिजिओच्या मुलाला सांगितलं तर म्हणाला, त्यांना स्वतः करायचा कंटाळा येतोय, तुम्ही ठाम राहा.

एके दिवशी नळाला पाणी आलं. आमच्या गल्लीत पाणी येतं तेव्हा दुसरं काही सुचत नाही, आठवड्यापेक्षा जास्त दिवसांचं भरून ठेवायचं असतं. सकाळपासून मी ड्रम, हंडे, बादल्या, कूलरची टाकी यातच होते. मोटर मध्येच बंद पडली. आईचं अंथरूण ओलं झालं होतं ते बदललं. दुपारी फोनवर मालकानं विचारलं, आई कशा आहेत. चार वाजता मी टॅब घेऊन तिच्याजवळ बसले. तिनं हात धरला. मी म्हटलं, नाही. तिनं बोट वेगळं काढलं. मी म्हटलं, आई, नाही म्हटलं ना. तिनं जोर लावला, आणि मी तिच्या हातावर फटका मारला.

आवाज झाला. पट्टीचा टेबलावर व्हायचा तसा.

ती रडली नाही. हात तिनं छातीशी घेतला आणि माझ्याकडं बघत राहिली. ती हां सुद्धा म्हणाली नाही. मी म्हटलं, चुकलं, आई, चुकलं गं, आणि तो हात घेऊन चोळायला लागले. तिनं चोळू दिला. पण दुसऱ्या दिवशी चार वाजले, पाच वाजले, तिनं माझं मनगट धरलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चार महिने ज्या क्षणाला मी घाबरत होते तो यायचा बंद झाला, आणि मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. तिनं सांगायचं सोडून दिलं होतं. मी तिच्या पलंगाजवळ हात ठेवून बसायचे, मुद्दाम, तिच्या हाताला लागेल असा. ती छताकडं बघायची. मी मनात म्हणायचे, धर ना गं, काय पाहिजे ते कर, धर.

आईला अंघोळ घालायला मागच्या गल्लीतल्या एक मावशी येतात. कामाला वाघ, बोलायला तिखट. चौथ्या दिवशी आईचे केस विंचरता विंचरता त्यांनी विचारलं, म्हातारी गप का झालीय. मी सगळं सांगितलं. फटक्याचंही सांगितलं. हात धरते, माझं बोट ताटावर ठेवते, आणि ताट आणलं तर खात नाही, असं म्हटलं.

मावशींनी कंगवा खाली ठेवला. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तुजं बोट ठिवती ना ताटावर? मग तुलाच जेव म्हणायलीय ती, माय. त्या दिशी जेवली व्हतीस का तू?”

मी आठवायला लागले. नळ आला त्या दिवशी नव्हते जेवले. त्याच्या आदल्या दिवशीही, दुपारी नाहीच. चार महिन्यांत दुपारचं जेवण म्हणजे उभ्यानं चहात बुडवलेली दोन बिस्किटं, तीही आठवली तर. आणि आई त्या पलंगावरून हे सगळं बघत होती. तिला दुसरं काय काम होतं?

पिंगळीच्या शाळेत हजेरी घ्यायच्या आधी ती एकेका पोराला विचारायची, जेवून आलास का रे. घरी मी दुकानातून आले की चपला काढायच्या आत, जेवलीस का गं दुपारी. फोनवर भावाला पहिलं वाक्य तेच. उभ्या आयुष्यात या बाईनं कुणाला मला भूक लागली असं सांगितलेलं मला आठवत नाही. आणि मी तिच्यासाठी बारा वाक्यं बनवली होती, बाराही ‘मला’ नं सुरू होणारी. बटण किती मोठं, निळा कुठला, जागा किती, सगळं वाचून केलं होतं. तिच्या तोंडात जे वाक्य कधी नव्हतं ते बारा वेळा तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, बोल.

ती आपलं बोट वापरत नव्हती, कारण तिला स्वतःबद्दल काही म्हणायचंच नव्हतं. माझ्याबद्दल म्हणायचं होतं, म्हणून माझं बोट. याहून सरळ सांगणं काय असतं? आठ दिवस ती स्वच्छ बोलत होती, आणि मी तिचं तोंड दाबत होते. नवव्या दिवशी त्यासाठी तिला मारलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन सकाळची भाकरी आणि पिठलं ताटात घेतलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसून जेवले. सगळं संपवलं. मावशी दारात उभ्या होत्या. आई शेवटच्या घासापर्यंत बघत होती. मग तिनं डोळे मिटले आणि ती झोपली. चारची वेळ टळून गेली, पहिल्यांदाच शांतपणे.

त्याच संध्याकाळी मी दुसरं पान केलं. यावेळी कुठलीही साइट उघडली नाही. मावशींनी माझ्या फोनवर माझेच फोटो काढले, वाकडेतिकडे, एकात डोकं कापलेलं. मी जेवताना. मी झोपलेली. मी डोक्याला तेल लावून घेताना. मी फोनवर भावाशी बोलताना. दुकानाचा एक जुना फोटो सापडला, माझ्या खुर्चीत मी बसलेली, समोर कॉम्प्युटर, स्क्रीनवर कुणाचा तरी वाढदिवस. पाच चौकोन झाले. आवाज भरताना तिची वाक्यं तिच्या हेलात म्हणायचा प्रयत्न केला. जेवलीस का गं. झोप झाली का. डोकं दुखायलंय का. दुकानाच्या फोटोला, लय काम होतं का आज. ती हे रोज विचारायची, मी आत येऊन पंख्याखाली बसले की.

सकाळी साडेनऊला तिला चहा पाजून झाला. टॅब मांडीवर ठेवला, दुसरं पान उघडलं, आणि माझा हात तिच्या हाताजवळ ठेवून बसले. तिच्या हातावर फटक्याची खूण नव्हती, पण ती मला दिसत होती. मग तिची बोटं हलली. तिनं माझं मनगट धरलं. मी हात सैल सोडला.

तिनं माझं बोट ताटावर ठेवलं. टॅबमधून माझ्याच आवाजात आलं, जेवलीस का गं. ती दचकली. मग तिनं ते पुन्हा दाबलं, आणि पुन्हा, आणि तिचा तो अर्धा चेहरा जो हलतो तो हसला. चार महिन्यांनी आई माझ्याशी बोलली. मी म्हटलं, नाष्टा केला, आई. पोहे केले. खरं सांगते.

तिनं मान हलवली. मग माझं बोट उचललं आणि दुकानाच्या फोटोवर नेलं. लय काम होतं का आज. मी हसले, म्हटलं, आज कुठलं काम, मी तर घरीच आहे. तिनं पुन्हा दाबलं. मी म्हटलं, अगं, मी सोडलंय ते सध्या, तुझ्याजवळ आहे ना. तिनं माझं बोट तिथंच ठेवून माझ्याकडं पाहिलं. मग मनगट सोडलं, डावा पंजा माझ्या खांद्यावर टेकवला आणि मला ढकललं. दाराकडं. तिच्यात जोर तो किती, पण असेल नसेल तो सगळा लावला. आणि पुन्हा मनगट धरून बोट दुकानावर.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा झाले होते. दुकानाला मी याच वेळेला निघायचे.

चार महिने रोज चारला तिनं हेच सांगितलं होतं का, की आधी जेव म्हणत होती आणि हे नंतरचं, ते मला कधी कळणार नाही. पण मी एवढे रंग जुळवले, एवढी चित्रं साठवली, ते कशासाठी होतं ते त्या मिनिटाला मला कळलं. मला तिच्याकडून एकच ऐकायचं होतं, की तिला मी हवी आहे. त्या वाक्याचं बटण मी सगळ्यात मोठं केलं असतं. आणि ती मला जा म्हणत होती.

“मी गेले तर तुझ्याजवळ कोण गं?” मी विचारलं. “मावशी बसतील, पण मी? तुला मी नको का?”

“हां,” ती म्हणाली.

त्या हां ला काही अर्थ नसतो, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी उठले नाही. तिनंही माझं बोट सोडलं नाही. माझं नख पांढरं पडेपर्यंत ती ते दुकानाच्या फोटोवर दाबून बसली होती, आणि टॅब माझ्याच आवाजात पुन्हा पुन्हा विचारत होता, लय काम होतं का आज.